टाकीचा केस पेपर

गोड्या पाण्याचे मासे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाळलेले असतात. गप्पी, मॉली, गोल्डफिश. टाकी हिरवी झाली की रविवारी घासायची, मासा मेला की गुपचूप कुंडीत पुरायचा आणि धाकट्या भावंडांना कळायच्या आत तसाच दुसरा आणायचा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत असं भागत नाही. मासा महाग असतो, लांबून आलेला असतो, आणि पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक टाक्यांमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात: मासे मरतात आणि शेवाळ माजतं. मग माशांसाठी एक बाटली, शेवाळासाठी दुसरी बाटली, असं सुरू होतं. माझं म्हणणं असं, की नव्या टाकीत या दोन्ही तक्रारी एकाच जमाखर्चातून येतात. टाकीत काय आत गेलं, काय बाहेर आलं, काय साठलं; आपल्या भाषेत सांगायचं तर मास बॅलन्स. हे एका खऱ्या टाकीवरून सांगतो.

टाकी माझ्या मामाची. मामा डॉक्टर, डोंबिवलीत दवाखाना. बाहेरच्या खोलीत पोरं रडतात, त्यांना काहीतरी बघायला हवं म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये त्यानं ही टाकी बसवली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे कागदावर १९० लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं १४० लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गणितं त्याच्यावरच आहेत. १६ एप्रिलला, रविवारी, पाणी भरलं. लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबानं जवळजवळ पाच किलो समुद्री मीठ विरघळवलं. (जेवणातलं मीठ चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट हे सगळं लागतं.) १९ तारखेला पाच मासे आले: चार डॅम्सल आणि एक ब्लू टँग, म्हणजे 'फाइंडिंग निमो'मधली डोरी. २९ तारखेपर्यंत पाचही गेले.

मामाचा एक गुण मात्र मानला पाहिजे. त्यानं टाकीच्या नावाचा केस पेपर काढला होता. 'पेशंट: टाकी. वय: १० दिवस. तक्रार: मासे वर येऊन धापा टाकतात, खात नाहीत, कल्ले लाल.' खाली तारीखवार मृत्यू, आणि उपचार: 'दुकानदाराच्या सल्ल्यानं निळं औषध, दोन वेळा.' या एका कागदामुळे पुढचा सगळा तपास शक्य झाला. बाकीचे लोक फक्त 'पटापट मेले हो' एवढंच सांगतात, त्यावरून काय कळणार?

पहिल्या पाचांचं कारण शोधायला फारसं डोकं लागलं नाही. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनियाच. जुन्या टाकीत वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर जीवाणूंचा थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चालतो तोच कारभार. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच, आणि ते वाढतात अगदी संथ. ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. मामानं दिले तीन दिवस.

आता प्रश्न असा, की गोड्या पाण्यात घाईनं टाकलेले मासे पुष्कळदा तगतात, मग हे का तगत नाहीत? इथे फर्स्ट इयरची केमिस्ट्री कामाला येते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन, आणि मोकळा अमोनिया वायू. माशाला खरं विष म्हणजे हा मोकळा अमोनिया, कारण त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे तो कल्ल्यांच्या पडद्यातून सहज आत शिरतो. दोघांचं प्रमाण पीएचवर ठरतं. २७ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी मोकळा असतो एक टक्क्याहून कमी. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, तिथे हेच प्रमाण सात-आठ टक्के होतं. म्हणजे तेवढीच घाण, पण विष दहापट. २८ एप्रिलला टेस्ट किटच्या थेंबांनी नळीत गडद हिरवा रंग आला: एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम. त्याचे साडेसात टक्के म्हणजे ०.१५. मोकळा अमोनिया ०.०२ च्या खाली ठेवावा असा सर्वसाधारण सल्ला असतो. आणखी काही शोधायची गरजच नव्हती.

निळ्या औषधानं काय केलं? ते मेथिलीन ब्लू होतं. बुरशीवर ते चांगलं, पण मुख्य टाकीत टाकलं की जे थोडेफार उपयोगी जीवाणू रुजत असतात तेही जातात. मामा म्हणाला, "अरे, जंतू मारायचे नाहीत तर काय पाळायचे?" मी म्हटलं, "हो मामा, तू सध्या मासे नाही, जंतूच पाळतोयस." डॉक्टर माणसाला हे गिळायला दोन दिवस लागले.

मग मासे न टाकता टाकी तयार करायची असं ठरलं. औषध काढायला पाणी बदललं, कार्बन ठेवला, आणि १ मे रोजी बाजारातली एक सोललेली कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून टाकीत सोडली. ती कुजते, अमोनिया देते, आणि त्याच्यावर जीवाणू वाढतात. वास येतो, पेशंट विचारतात, पण मरत कोणी नाही. रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं. आधी अमोनिया वर जाऊन खाली येतो, त्याच्या मागून नायट्राइटचा डोंगर. दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर तिथेच राहिले की टाकी तयार. इथे ते व्हायला ४ जून उजाडला. काही लोक हा काळ कमी करण्यासाठी समुद्रातले जिवंत दगड शोधतात. त्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि असे दगड बहुतेक प्रवाळांच्या खडकांवरूनच फोडून आणलेले असतात. कोरडा दगड आणि थोडी सबुरी यावर काम होतं.

दरम्यान मेच्या मध्यावर काचेवर, वाळूवर तपकिरी पूड धरायला लागली. बोटानं पुसली की निघते, दुसऱ्या दिवशी परत. हे डायॅटम. यांचं कवच सिलिकाचं असतं, त्यामुळे पाण्यात सिलिकेट असेल तर नव्या टाकीत पहिला नंबर यांचाच. मामा छातीठोकपणे सांगत होता की पाणी आरओचं आहे. आरओचं होतंच, पण पिण्याच्या पाण्याच्या यंत्राचं. आपल्या घरच्या बहुतेक यंत्रांत एक छोटा स्क्रू असतो, तो पाण्याला चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. इमारतीत बोअरवेलचं पाणी होतं, आणि आपल्या काळ्या बेसॉल्टमधून येणाऱ्या पाण्यात सिलिका असतेच. टीडीएस मीटर नळाला ३८० दाखवत होता आणि यंत्राच्या तोटीला ९५. स्क्रू पूर्ण बंद केल्यावर तोच आकडा १८ झाला. माणसाला प्यायला ९५ उत्तम, टाकीला नाही. डायॅटमला घाबरायचं मात्र कारण नसतं. सिलिकेट संपलं की ते आपोआप ओसरतं, इथेही महिन्याभरात ओसरलं.

त्याच्या जागी आलं हिरवं, केसाळ. हे जास्त चिवट. ८ जूनला सहा मासे आले (दोन क्लाउनफिश, चार छोटे गोबी) आणि आठवड्याभरात दगडांना दाढी फुटली. कारण बघायला मी एक दिवस नुसता बाकावर बसलो. सकाळ-संध्याकाळच्या ओपीडीत कंपाउंडरनं चार वेळा खाणं टाकलं. एखादं पोर रडायला लागलं की चिमूटभर, कारण मासे वर आले की पोर गप्प होतं! रोज एक ग्रॅम खाणं जातं असं धरा. त्यात ४५ टक्के प्रथिनं, आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन. झालं ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन. सगळा नायट्रेट झाला तर ३२० मिलिग्रॅम, १४० लिटरमध्ये रोज लिटरला २.३ ने वाढ. महिन्यात जवळजवळ ७०. याशिवाय फॉस्फेट वेगळं. वर दिवे बारा तास आणि पश्चिमेची खिडकी उघडी. शेवाळाला याहून चांगलं हॉस्टेल कुठे मिळणार? शिवाय गंमत अशी, की भरपूर शेवाळ असलेल्या टाकीत नायट्रेट मोजलं तर कमी दिसतं, कारण ते शेवाळाच्याच पोटात गेलेलं असतं. 'नायट्रेट पाचच आहे, म्हणजे खत जास्त नाही' हे अनुमान म्हणून चुकीचं.

मला हे गणित कागदावर मांडून द्यायला वेळ लागला, तेवढ्यात १५ जूनला टाकीत शेवाळनाशकाची बाटली रिकामी झाली होती. शेवाळ दोन दिवसांत पांढुरकं पडलं. मामा खूश. आणि मग पुन्हा मासे मरायला लागले.

या खेपेला अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. क्षारता ३५, तापमान २९. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पंख फाटलेले नाहीत. माझा एक साधा नियम आहे: मासे एकेक करून, काही दिवसांच्या अंतरानं, खुणा दाखवत मेले तर रोग किंवा मारामारी बघायची, काहीच खूण नसताना मेले तर पाणी बघायचं. पण पाण्यात काहीच सापडत नव्हतं. निदान मी जेव्हा मोजत होतो तेव्हा तरी नाही, आणि मी मोजत होतो संध्याकाळी.

परत केस पेपर काढला. १९ जून, दोन गोबी. २६ जून, एक. ३० जून, एक. चारही सकाळी दवाखाना उघडताना सापडलेले. कॅलेंडर शेजारी ठेवलं तर १९ आणि २६ हे सोमवार. ३० मात्र शुक्रवार, त्यामुळे सोमवारचा सिद्धांत जवळजवळ सोडून देणार होतो. मग लक्षात आलं की २९ जूनला आषाढी एकादशी होती आणि दवाखाना बंद होता. म्हणजे मासे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मरत होते. ओपीडी बंद असताना टाकीत असं काय होतं?

३ जुलैला, सोमवारी, कंपाउंडरच्या आधी जाऊन शटरपाशी उभा राहिलो. दार उघडलं तर आत शांत. पंपाची घरघर नाही, फिल्टरचं पाणी पडत नाही. दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून. कंपाउंडरनं सवयीनं कोपऱ्यातला मेन स्विच वर केला आणि टाकी खळखळायला लागली. रोज रात्री साडेनऊला दवाखाना बंद करताना शॉर्ट सर्किट नको म्हणून तो इमानदारीनं मेन खाली करायचा. यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्याला कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं. रोज रात्री बारा तास पंप बंद, आणि शनिवार रात्र ते सोमवार सकाळ सलग छत्तीस तास. वर रविवारी दिवेही बंद, म्हणजे शेवाळ दिवसभर ऑक्सिजन करणार नाही, फक्त घेणार.

कॉलेजच्या एन्व्हायर्नमेंटल लॅबमधून मी बीओडीच्या बाटल्या नेल्या होत्या. कंपाउंडरला मेन लगेच परत खाली करायला लावला, दोन मिनिटांत तळाजवळून पाणी बाटलीत घेतलं आणि जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ॲझाइड घातलं. विंकलरची पद्धत, १८८८ सालची, सेमिस्टरला आपण सगळ्यांनी कंटाळत केलेली. ऑक्सिजन भरपूर असेल तर तपकिरी साका बसतो. या बाटलीत फिकट, जवळजवळ दुधी साका बसला, तेव्हाच उत्तर कळलं होतं. दुपारी लॅबमध्ये टायट्रेशन केलं: लिटरला २.१ मिलिग्रॅम. त्याच संध्याकाळी, पंप आणि दिवे दिवसभर चालल्यावर घेतलेल्या बाटलीत ६.९. (ॲझाइड कशासाठी, हे वायवाला विचारतात. पाण्यात नायट्राइट असेल तर ते आकडा फुगवतं, त्याला ॲझाइड मारतो. नव्या टाकीत नायट्राइट असायचीच शक्यता, म्हणून ते वगळू नका.)

खरं तर हे कागदावरही दिसायला हवं. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन साधारण वीस टक्के कमी मावतो. २९ अंशांना पूर्ण भरलेल्या समुद्राच्या पाण्यात लिटरला ६.३ मिलिग्रॅम. गुणिले १४० केलं तर अख्ख्या टाकीत ८८० मिलिग्रॅम, एक ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्या शिलकीवर मासे, जीवाणू, जिवंत शेवाळ आणि आता कुजणारं शेवाळ, सगळ्यांनी रात्र काढायची. पंप चालू असताना पृष्ठभाग ढवळला जातो आणि हवेतून भरपाई होत राहते. पंप बंद झाला की ती फक्त स्थिर पृष्ठभागातून, अगदी हळू. एप्रिल-मेमध्ये पाणी स्वच्छ होतं, मागणी कमी होती, म्हणून बारा तास निभावले. शेवाळनाशकानं दगडांवरची सगळी दाढी एकदम मारली, ती कुजायला लागली आणि मागणी एकदम वाढली. रोजची रात्र कशीबशी निघाली, छत्तीस तास निघाले नाहीत. टाकी तयार व्हायला पाच आठवडे का लागले, याचाही उलगडा इथे होतो. अमोनिया खाणाऱ्या जीवाणूंनाही ऑक्सिजनच लागतो, आणि ते रोज अर्धा दिवस उपाशी होते.

ज्यांच्याकडे लॅब नाही त्यांनी निदान पीएच सकाळी आणि संध्याकाळी मोजावा. रात्री कार्बन डायॉक्साइड साठला की पीएच खाली येतो. त्या सोमवारी सकाळी तो ७.७ होता, संध्याकाळी ८.३. एवढा फरक दिसला तर टाकी रात्री गुदमरते आहे असं समजायला हरकत नाही.

उपाय फारच किरकोळ निघाला. दवाखान्यात लसींचा फ्रिज असतो, तो रात्री बंद करून चालत नाही, त्यामुळे त्याची लाइन मेनच्या आधीच वेगळी काढलेली होती. इलेक्ट्रिशियनकडून त्या लाइनवर पंप आणि फिल्टरसाठी वेगळा पॉइंट घेतला, सोबत गळती झाली तर लाइन तोडणारा ब्रेकर. खाऱ्या पाण्याजवळ तो नसेल तर टाकीच ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वायर बोर्डापर्यंत सरळ न नेता मध्ये खाली झोल द्यायचा, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता तिथेच टपकतं. वीज गेली तर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवला. पंपाचं तोंड वर वळवलं, पृष्ठभागावर लाटा दिसल्या पाहिजेत. १० जुलैला, पुढच्या सोमवारी सकाळी, विंकलरनं ५.६ दिले.

शेवाळाला कुठलीही बाटली दिली नाही. मेलेलं शेवाळ हातानं आणि टूथब्रशनं काढलं, पहिल्या दिवशी अर्धी बादली निघालं. प्रत्येक मूठ म्हणजे टाकीबाहेर गेलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस, जमाखर्चातला खर्च. दिवे टायमरवर सात तास, खिडकीला पडदा, आठवड्याला पंधरा टक्के पाणी बदल, तेही टीडीएस बघून. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. पोरांसाठी कंपाउंडरनं स्वतःच तोड काढली: तो काचेवर टॉर्च फिरवतो, क्लाउनफिश मागे मागे येतात. वाफ झालेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्यानं करायची हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मीठ उडत नाही, पाणी उडतं. रोज दीड लिटर खारं पाणी टाकलं तर महिन्यात दीड किलोवर मीठ वाढेल. ऑगस्टच्या शेवटी केसाळ शेवाळ मागच्या दगडापुरतं उरलं.

ते दोन क्लाउनफिश त्या सोमवारी वाचले आणि अजून आहेत. ते पैदाशीचे आहेत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रानं क्लाउनफिशची पैदास यशस्वी केली आहे, त्यामुळे हा मासा समुद्रातून न पकडताही मिळू शकतो. विकत घेताना तसं मुद्दाम विचारावं. डोरीचं तसं नाही. तिची पैदास बंदिस्त टाकीत पहिल्यांदा जमली ती २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, आणि बाजारातल्या बहुतेक डोऱ्या आजही कुठल्यातरी प्रवाळ बेटावरून पकडलेल्या असतात. शिवाय तो मासा फूटभर वाढतो. तीन फुटी टाकीत त्याला आणू नये, पाणी कितीही चांगलं असलं तरी. मामाच्या केस पेपरवर २९ एप्रिलच्या नोंदीपुढे त्यानं नंतर लाल शाईनं 'पुन्हा नाही' असं लिहिलं आहे.

टाकीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात वाळूवर एक लालसर, बुळबुळीत चादर अजून येते. तिला लोक शेवाळ म्हणतात, पण ते सायनोबॅक्टेरिया, वेगळी जात. पंपाचा प्रवाह तिथे पोचत नाही, कचरा साठतो. आठवड्यातून एकदा ती नळीनं ओढून काढतो, चार दिवसांत परत. मधला मोठा दगड दोन इंच पुढे घेऊन बघायचा आहे, पण त्याच्या खालीच क्लाउनफिशनं सध्या अंडी घातली आहेत, त्यामुळे ते काम पुढे ढकललंय.